बुलढाणा जिल्ह्यातील लाकडी कोळसा उत्पादनाचे नियमन

बुलढाणा जिल्ह्यातील लाकडी कोळसा उत्पादनाचे नियमन म्हणजे महाराष्ट्राच्या बुलढाणा जिल्ह्यात लाकूड जाळून कोळसा तयार करणे, त्याचा साठा करणे, वाहतूक करणे आणि विक्री करणे यांवर लागू असलेल्या केंद्रीय व राज्य कायद्यांची एकत्रित व्यवस्था होय. लाकडी कोळशासाठी भारतात स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. भारतीय वन अधिनियम, १९२७ हा या नियमनाचा मुख्य आधार असून वृक्षतोड, वन्यजीव, वायू प्रदूषण व मजूर यांविषयीचे कायदे त्याला पूरक ठरतात. हे कायदे प्रामुख्याने झाड व वाहतूक यांवर नियंत्रण ठेवतात. हवामान बदलाशी थेट संबंध असलेला भट्टीचा धूर मात्र त्यांच्या कक्षेत अप्रत्यक्षपणे येतो. त्यामुळे कोळसा उत्पादनाचा हवामानावरील परिणाम व त्याचे कायदेशीर नियमन या दोन्ही बाबी एकत्रितपणे अभ्यासल्या जातात.

लाकडी कोळशाला मराठीत ‘लोणारी कोळसा’ असेही म्हणतात. चुना भाजणे व कोळसा पाडणे हा परंपरागत व्यवसाय असलेल्या लोणारी समाजावरून हे नाव रूढ झाले. जिल्ह्यातील लोणार या गावाच्या नावाचा संबंध मात्र लवणासुराच्या आख्यायिकेशी व तेथील खाऱ्या सरोवराशी जोडला जातो. खाणीतून निघणारा दगडी कोळसा हा वेगळा पदार्थ असून त्याचे कायदेही वेगळे आहेत.

भौगोलिक पार्श्वभूमी

बुलढाणा जिल्हा विदर्भाच्या पश्चिम सीमेवर असून तो अमरावती विभागात मोडतो. जिल्ह्यात १३ तालुके आहेत व त्याचे क्षेत्रफळ सुमारे ९,६६१ चौरस किलोमीटर आहे. उत्तरेस जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांत सातपुड्याच्या रांगा, मध्यभागी पूर्णा नदीचे काळ्या मातीचे खोरे आणि दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगररांगा व बुलढाण्याचे पठार अशी जिल्ह्याची रचना आहे.

जिल्ह्यातील नैसर्गिक वने शुष्क पानझडी प्रकारची आहेत. साग, अंजन, धावडा, सालई, खैर, तेंदू, पळस, बाभूळ व हिवर ही तेथील प्रमुख झाडे होत. वनाच्छादनाचे प्रमाण जिल्ह्याच्या क्षेत्रफळाच्या दहा टक्क्यांहून कमी आहे. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालानुसार संपूर्ण राज्यासाठी ते १६.५१ टक्के होते. वने मुख्यतः सातपुडा व अजिंठा या दोन पट्ट्यांत एकवटली असून मधल्या पूर्णा खोऱ्यात शेतबांध, नदी-नाल्यांचे काठ आणि ‘ई-क्लास’ जमिनी हेच झाडोऱ्याचे मुख्य आधार आहेत. ई-क्लास ही वऱ्हाडातील जुन्या जमीन वर्गीकरणातून आलेली संज्ञा असून ती गावाच्या गुरेचराईसाठी राखलेल्या शासकीय जमिनीसाठी वापरली जाते.

उत्पादनाची पद्धत

पुरेशी हवा न देता लाकूड तापवल्यास त्यातील पाणी, वायू व डांबरी द्रव्ये निघून जातात आणि कोळसा शिल्लक राहतो. परंपरागत पद्धतीत लाकडाचे तुकडे जमिनीवर ढीग करून किंवा खड्ड्यात रचतात. त्यावर पालापाचोळा किंवा गवत पसरून वरून मातीचा लेप देतात व एका बाजूने आग लावतात. मातीला ठेवलेली छिद्रे उघडून किंवा बुजवून आतील आग धुमसती ठेवली जाते. सुरुवातीला निघणारा दाट पांढरा धूर पुढे विरळ व निळसर होतो, तेव्हा कोळसा तयार झाल्याचे समजतात. नंतर सर्व छिद्रे बंद करून भट्टी थंड होऊ देतात. भट्टीच्या आकारानुसार या कामास काही दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत वेळ लागतो. या काळात मातीला तडा गेल्यास आत हवा शिरून लाकडाची राख होते, म्हणून भट्टीवर रात्रंदिवस लक्ष ठेवावे लागते.

मातीच्या भट्टीत लाकडाच्या वजनाच्या साधारण १० ते २० टक्के कोळसा मिळतो. बाभूळ, खैर, धावडा यांसारख्या जड लाकडाचा कोळसा टणक असतो व बराच वेळ धगधगतो. सालईसारख्या हलक्या लाकडाचा कोळसा ठिसूळ असतो. लोहारकाम, सोन्याचांदीचे काम, कपड्यांची इस्त्री आणि उपाहारगृहांतील तंदूर हे लाकडी कोळशाचे प्रचलित उपयोग आहेत. ग्रामीण महाराष्ट्रातील घरगुती चुलीत मुख्यतः जळाऊ लाकूड वापरले जाते. त्यामुळे कोळसा हे प्रामुख्याने गावाकडून शहराकडे जाणारे व्यापारी इंधन आहे.

ऐतिहासिक आढावा

१८५३ च्या तहानुसार वऱ्हाड प्रांताचा कारभार निजामाकडून ब्रिटिशांकडे आला, परंतु त्यावर निजामाचे नाममात्र सार्वभौमत्व कायम राहिले. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडण्यात आला. तो औपचारिकरीत्या ब्रिटिश भारताचा भाग नसल्याने तेथे ब्रिटिश भारतातील कायदे आपोआप लागू होत नसत. भारतीय वन अधिनियम, १९२७ हा १९४१ च्या वऱ्हाड कायदे अधिनियमाद्वारे या प्रदेशास लागू झाला. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पेट्रोलच्या टंचाईमुळे देशभर अनेक बसगाड्या व मालमोटारी लाकडी कोळशापासून मिळणाऱ्या वायूवर चालवल्या जात. त्यामुळे कोळशाची मागणी त्या काळात मोठ्या प्रमाणावर वाढली होती.

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ‘वने’ हा विषय राज्य सूचीतून समवर्ती सूचीत आणला गेला. त्यानंतर वनविषयक धोरणात केंद्र शासनाचा सहभाग वाढला. स्थानिक पातळीवरील अंमलबजावणी राज्याच्या वनविभागाकडे असून बुलढाणा वनविभागाचा कारभार उपवनसंरक्षकांच्या कार्यालयातून चालतो.

कायद्यांची चौकट

भारतीय वन अधिनियम, १९२७

या अधिनियमाच्या कलम २ मध्ये वनोपजाचे दोन गट केले आहेत. पहिल्या गटातील वस्तू वनात सापडलेल्या किंवा वनातून आणलेल्या असोत वा नसोत, त्या वनोपजच मानल्या जातात. इमारती लाकूड, कात, राळ, लाख, मोहाची फुले यांच्यासोबत लाकडी कोळशाचा समावेश या गटात आहे. दुसऱ्या गटातील वस्तू वनात सापडल्या किंवा वनातून आणल्या तरच वनोपज ठरतात. त्यामुळे शेतकऱ्याने स्वतःच्या बांधावरील झाडापासून कोळसा तयार केला, तरी तो कायद्याच्या दृष्टीने वनोपज असतो.

या तरतुदीमागे व्यावहारिक कारण दिसते. ओंडक्यावर वनविभागाचा हातोडा-शिक्का मारता येतो, त्याची जात ओळखता येते व घेर मोजता येतो. कोळसा झाल्यावर या खुणा नाहीशा होतात. पोत्यात भरलेला कोळसा राखीव वनातील अंजनाचा आहे की शेतातील बाभळीचा आहे, हे नुसत्या नजरेने सांगता येत नाही.

अधिनियमातील इतर महत्त्वाच्या तरतुदी पुढीलप्रमाणे आहेत.

कलम २६ : राखीव वनात चुना किंवा कोळसा भाजणे, झाड तोडणे व वनोपज हलवणे हे गुन्हे आहेत.
कलम ३० व ३३ : संरक्षित वनात राज्य शासन अधिसूचनेद्वारे कोळसा भाजण्यास मनाई करू शकते, तिचा भंग शिक्षापात्र आहे.
कलम ४१ व ४२ : वनोपजाच्या वाहतुकीसाठी नियम व परवाना पद्धत ठरवण्याचा अधिकार राज्य शासनास आहे. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी नियमभंग झाल्यास दुप्पट शिक्षेची तरतूद करता येते.
कलम ५२ : गुन्ह्याशी संबंधित वनोपज, अवजारे व वाहने जप्त करता येतात. महाराष्ट्राने केलेल्या दुरुस्तीनुसार प्राधिकृत वन अधिकारी अशी मालमत्ता सरकारजमाही करू शकतो.
कलम ६९ : एखादे वनोपज शासनाचे आहे की नाही असा प्रश्न निर्माण झाल्यास, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत ते शासनाचे असल्याचे गृहीत धरले जाते.

शेवटच्या तरतुदीमुळे कोळसा कायदेशीर असल्याचे दाखवण्याची जबाबदारी व्यवहारात तो बाळगणाऱ्यावर येते.

वाहतूक परवाना

राज्यातील वनोपजाची वाहतूक महाराष्ट्र वन नियम, २०१४ नुसार नियंत्रित केली जाते. परवान्यात मालाचे वर्णन, प्रमाण, उगम, गंतव्यस्थान व मुदत यांची नोंद असते आणि तपासणी नाक्यावर ती पडताळता येते. इमारती लाकूड, बांबू व इतर वनोपजाच्या आंतरराज्यीय वाहतुकीसाठी केंद्र शासनाने २०२३ मध्ये राष्ट्रीय पारगमन परवाना प्रणाली ही संगणकीय व्यवस्था देशभर सुरू केली. बुलढाणा जिल्ह्याची उत्तर सीमा मध्य प्रदेशास भिडत असल्याने आंतरराज्यीय नियमांना येथे विशेष महत्त्व आहे.

खाजगी व शासकीय जमिनीवरील झाडे

महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ हा अनुसूचित झाडांच्या तोडीवर नियंत्रण ठेवतो. साग, खैर, अंजन, ऐन, बिजा, तिवस, मोह, हिरडा, आंबा, चिंच, जांभूळ, चंदन आदी झाडे या अनुसूचीत आहेत. खाजगी जमिनीवर असली तरी त्यांची तोड करण्यापूर्वी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. नगरपालिका क्षेत्रांत महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू होतो. ई-क्लास जमिनीवरील झाडे शासनाच्या मालकीची असल्याने ती परवानगीशिवाय तोडून कोळसा पाडता येत नाही.

अभयारण्ये व वनहक्क

ज्ञानगंगा, अंबाबरवा व लोणार ही जिल्ह्यातील अभयारण्ये आहेत. अंबाबरवा हे मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २९ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकाच्या परवान्याशिवाय अभयारण्यातून वनोपज काढता येत नाही.

सातपुड्याच्या पायथ्याशी भिलाला, कोरकू व निहाल या आदिवासी समाजांची वस्ती आहे. वनहक्क कायदा, २००६ गौण वनोपज गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क मान्य करतो. या कायद्यातील गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबू, झुडपे, बुंधे, मध, मेण, लाख, तेंदूपत्ता व औषधी वनस्पती यांचा उल्लेख आहे. लाकडी कोळशाचा नाही.

वायू प्रदूषण व हवामानविषयक कायदे

वायू (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९८१ नुसार घोषित क्षेत्रातील औद्योगिक संयंत्रास राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आवश्यक असते. व्यापारासाठी वापरले जाणारे व वायू प्रदूषक बाहेर टाकणारे कोणतेही संयंत्र अशी कायद्यातील व्याख्या व्यापक आहे. संमतीची पद्धत मात्र निश्चित पत्ता, चिमणी व यंत्रसामग्री असलेल्या कारखान्यांना डोळ्यांपुढे ठेवून आखलेली आहे. मातीची भट्टी काही दिवसांसाठी उभी राहते व काम संपताच मोडली जाते. त्यामुळे तिच्या धुराचे मोजमाप करणे कठीण असते.

हवामान बदलाविषयी भारतात एकच सर्वसमावेशक कायदा नाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये एम. के. रणजितसिंह विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात, हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क संविधानाच्या अनुच्छेद १४ व २१ मध्ये अंतर्भूत असल्याचे मान्य केले. पॅरिस करारांतर्गत भारताने २०३० पर्यंत वने व वृक्षाच्छादन यांद्वारे २.५ ते ३ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड शोषून घेण्याइतकी अतिरिक्त क्षमता निर्माण करण्याचे उद्दिष्ट जाहीर केले आहे.

मजुरांविषयीचे कायदे

महाराष्ट्रात कोळसा भट्ट्यांवर काम करणाऱ्यांत रायगड व ठाणे भागातील कातकरी समाजाच्या स्थलांतरित कुटुंबांचा मोठा वाटा राहिला आहे. मुकादमाकडून आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, घेऊन ही कुटुंबे हंगामासाठी दूरच्या जिल्ह्यांत जातात. उचल फिटेपर्यंत काम सोडू न देणे हा वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, १९७६ नुसार गुन्हा आहे. बेकायदा भट्टीवर कारवाई होते, तेव्हा कंत्राटदाराऐवजी भट्टीवर उपस्थित असलेला मजूर प्रथम सापडण्याची शक्यता अधिक असते. त्यामुळे वनगुन्ह्याच्या तपासात मजूर व मालक यांतील भेद महत्त्वाचा ठरतो.

हवामान बदलावरील परिणाम

कार्बनचा हिशेब

पूर्णपणे वाळलेल्या लाकडात वजनाच्या जवळपास निम्मा भाग कार्बन असतो. अशा १०० किलो लाकडापासून २० किलो कोळसा मिळाला व त्यात ७५ टक्के कार्बन आहे असे धरल्यास, ५० किलोपैकी १५ किलो कार्बन कोळशात राहतो. उरलेला ३५ किलो, म्हणजे सुमारे ७० टक्के कार्बन, धूर, डांबर व अर्धवट जळालेली लाकडे यांच्या रूपाने बाहेर पडतो. कोळसा पुढे वापरताना त्यातील कार्बनही हवेत जातो. वापराच्या ठिकाणी कोळशाचा धूर कमी असतो. कारण बराचसा धूर भट्टीच्या जागी आधीच सोडलेला असतो.

मिथेन व इतर घटक

हवेच्या अभावी लाकूड धुमसत असल्याने भट्टीतून कार्बन डायऑक्साइडबरोबर कार्बन मोनॉक्साइड, मिथेन व बाष्पनशील सेंद्रिय पदार्थ बाहेर पडतात. मिथेनची तापमानवाढीची क्षमता शंभर वर्षांच्या कालावधीत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट, तर वीस वर्षांच्या कालावधीत सुमारे ८० पट मानली जाते. झाड पुन्हा वाढले तर ते कार्बन डायऑक्साइड शोषून घेते. हवेत गेलेले मिथेन मात्र ते शोषून घेत नाही. त्यामुळे पुनर्लागवड केली तरी भट्टीचा हवामानावरील परिणाम पूर्णपणे भरून निघत नाही.

झाडांचे पुनरुत्पादन

आंतरराष्ट्रीय गणनापद्धतीत जैवइंधनातून निघणारा कार्बन डायऑक्साइड ऊर्जा क्षेत्राच्या बेरजेत धरला जात नाही. वनातील कार्बनसाठ्यात झालेली घट म्हणून त्याची नोंद भूमी व वन क्षेत्रात होते. त्यामुळे तोडलेले झाड पुन्हा वाढते की नाही, यावर परिणामाचे स्वरूप अवलंबून असते. बुंध्यातून लवकर फुटणाऱ्या झाडांच्या बाबतीत काही वर्षांत कार्बन परत साठतो. अंजनासारखी सावकाश वाढणारी झाडे कोरड्या उतारावरून नष्ट झाल्यास ती भरून येण्यास अनेक दशके लागतात व दरम्यान मातीची धूपही होते.

जागतिक संदर्भ

‘नेचर क्लायमेट चेंज’ या नियतकालिकात २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, जळाऊ लाकूड व लाकडी कोळसा यांमुळे होणारे उत्सर्जन जगाच्या एकूण उत्सर्जनाच्या सुमारे २ टक्के होते. इंधनासाठी तोडल्या जाणाऱ्या लाकडापैकी २७ ते ३४ टक्के लाकडाची तोड पुनरुत्पादनाच्या क्षमतेपेक्षा अधिक होती. पूर्व आफ्रिका व दक्षिण आशिया हे त्यातील संवेदनशील प्रदेश होते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१७ च्या अहवालात, लाकूडपुरवठा, भट्टी, वाहतूक व शेगडी या सर्व टप्प्यांवर सुधारणा केल्यास कोळशाच्या साखळीतील उत्सर्जन ८० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते, असे नमूद केले.

वेडी बाभूळ

वेडी बाभूळ किंवा विलायती बाभूळ, शास्त्रीय नाव प्रोसोपिस ज्युलिफ्लोरा, ही मूळची अमेरिका खंडातील वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात आणली गेली. ती देशी बाभळीहून वेगळी आहे. पडीक जमीन, नाल्यांचे काठ व खारवट मातीत ती वेगाने पसरते, गवत व देशी झुडपे दडपते आणि तोडल्यावर बुंध्यातून पुन्हा फुटते. तिच्या लाकडाचा कोळसा दर्जेदार असतो. गुजरातमधील बन्नी व तमिळनाडूतील रामनाथपुरम भागांत हा कोळसा अनेक कुटुंबांच्या उपजीविकेचे साधन बनला आहे.

बुलढाणा जिल्ह्यात लोणार सरोवराच्या परिसरात या झाडाचा मोठा प्रादुर्भाव झाला असून वनविभागाने ते हटवण्याची कामे हाती घेतली आहेत. लोणार सरोवरास नोव्हेंबर २०२० मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

वेडी बाभूळ १९६४ च्या अधिनियमाच्या अनुसूचीत नाही. मात्र तिचा कोळसा झाला की तो वनोपज ठरतो व वाहतुकीचे नियम लागू होतात. हे झाड हटवणे पर्यावरणास हितकारक मानले जाते व त्याचा कोळसा मजुरांना रोजगार देतो. दुसरीकडे, त्याच्या नावाखाली देशी झाडांचा कोळसा बाहेर जाण्याची शक्यता असल्याने सरसकट सूट देणे जोखमीचे ठरते. तसेच बुंधा व मुळे न काढता केवळ फांद्या तोडल्यास झाडाचा प्रसार थांबत नाही.

पर्याय व सुधारणा

सुधारित भट्ट्या : धातूच्या पिंपाच्या व रिटॉर्ट प्रकारच्या भट्ट्यांत कोळशाचे प्रमाण २५ ते ३५ टक्क्यांपर्यंत वाढू शकते. रिटॉर्ट भट्टीत निघणारे वायू पुन्हा भट्टीखाली जाळले जातात. त्यामुळे मिथेन व धूर लक्षणीय घटतो.

शेतीतील अवशेष : कापूस, तूर व सोयाबीन ही जिल्ह्यातील प्रमुख पिके असल्याने पऱ्हाटी व तुराट्या मोठ्या प्रमाणावर उपलब्ध होतात. त्यांपासून इंधनविटा किंवा कोळसा तयार करता येतो. पुण्याच्या ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट या संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळशाच्या कांड्या बनवण्याचे तंत्र विकसित केले व त्यासाठी तिला २००२ मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळाला. भारतीय वन अधिनियमात ‘कोळसा’ या शब्दाची व्याख्या दिलेली नाही. त्यामुळे झाडापासूनचा व पीक-अवशेषांपासूनचा कोळसा यांत कायद्याच्या शब्दांत स्पष्ट भेद नाही.

जैवकोळसा : कोळसा न जाळता मातीत मिसळल्यास त्यातील कार्बनचा बराच भाग दीर्घकाळ जमिनीत राहतो. हा लाभ पीक-अवशेष वापरले व कमी धुराची भट्टी असली तरच मिळतो.

मागणीवरील नियंत्रण : मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये मुंबईतील लाकूड व कोळसा वापरणाऱ्या बेकऱ्या व तत्सम व्यवसायांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचे निर्देश दिले. मोठ्या शहरांतील मागणी घटल्यास त्याचा परिणाम ग्रामीण भागातील कोळसा उत्पादनावर होऊ शकतो.

नियमनाच्या मर्यादा

विद्यमान कायदे झाड कोणाचे आहे, ते तोडण्यास परवानगी होती का आणि कोळसा परवान्याने जात आहे का, या तीन प्रश्नांची उत्तरे मागतात. झाड वाचल्यास वनातील कार्बनसाठा टिकतो, म्हणून हे कायदे हवामानासाठीही उपयुक्त आहेत. परंतु किती लाकडापासून किती कोळसा मिळाला व भट्टीतून किती मिथेन बाहेर पडले, हे परवान्यावरून कळत नाही. कायदेशीर लाकूड जुन्या पद्धतीच्या भट्टीत भाजले, तरी परवान्याच्या दृष्टीने ते निर्दोष असते. उलट, कमी धुराच्या भट्टीत शेतातील अवशेष भाजणाऱ्यास तिच्या प्रकाराबद्दल कोणतीही सवलत कायद्याने मिळत नाही.

या मर्यादेचा संबंध जिल्ह्याच्या परिस्थितीशीही आहे. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्टा व कोरडवाहू शेती यांमुळे जिल्हा अनियमित पावसास संवेदनशील असून हवामान बदलास अनुरूप शेतीसाठी राबवल्या जाणाऱ्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात त्याचा समावेश आहे. अशा प्रदेशात उतारावरील व बांधावरील झाडे कार्बनसाठ्यापुरती मर्यादित नसून मातीतील ओलावा, चारा व सावली यांसाठीही आवश्यक आहेत.

हे सुद्धा पहा

भारतीय वन अधिनियम, १९२७
ज्ञानगंगा अभयारण्य
लोणार सरोवर
वेडी बाभूळ
कातकरी
हवामान बदल